"मेक हेड ऑर टेल ऑफ" : छापा-काटा की शेंडा-बुडखा?

प्रश्न : आर्णीरोड, जि. यवतमाळ

नमस्कार मंडळी. दहावीच्या पोरांत एका इंग्रजी वाक्प्रचारावरून दोन तट पडले आहेत. वाक्य असं : "आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ धिस लेटर." एक गट म्हणतो, हेड-टेल म्हणजे नाण्याचा छापा-काटा, तेव्हा अर्थ "या पत्राबद्दल निर्णय होत नाही, इकडं का तिकडं". दुसरा गट म्हणतो, "या पत्रातलं काहीच समजत नाही". सरावसंचाच्या मागच्या पानावर दुसरं उत्तर बरोबर दिलं आहे, पण कारण दिलेलं नाही. कारण मिळाल्याशिवाय पहिला गट ऐकायला तयार नाही.

तर विचारायचं ते असं. यात नाणं आहे की नाही? मराठीत याला नेमकं काय म्हणावं? नुसतं "मले काई समजून नाई रायलं" एवढंच, की त्याहून जास्त काही? परीक्षेत "वाक्यात उपयोग करा" म्हटलं तर मार्क कुठं जातात? आणि बँकेला किंवा कृषी कार्यालयाला इंग्रजीत अर्ज लिहिताना हा वाक्प्रचार चालतो का?

शिकवणी_हिंगणघाट

नाणं नाही. आधी तेच डोक्यातून काढायला सांगा, कारण एकदा नाणं शिरलं की पुढची सगळी वाक्यं त्याच्या मागं घरंगळतात. नाणेफेकीचा शब्द "हेड्स ऑर टेल्स", दोन्हीला शेवटी "स". इथं हेड म्हणजे एखाद्या गोष्टीचं वरचं टोक, सुरुवात. आणि टेल म्हणजे खालचं टोक, शेवट. ज्या कागदाची सुरुवात कोणती आणि शेवट कोणता हेच हाती लागत नाही, तो मधून कितीही वाचला तरी व्यर्थ.

पोरं अडखळतात ती "मेक" पाशी. मेक म्हणजे बनवणे, हे लहानपणापासून पाठ. मग डोकं-शेपूट बनवायचं कसं? हा मेक निराळा आहे. "व्हॉट डू यू मेक ऑफ इट?" असं कुणी विचारलं तर तो विचारतो, "यावरून तुम्ही काय ताडलं?" समोर असलेल्या गोष्टीतून अर्थ काढणे, असा हा मेक. म्हणून शेवटचा "ऑफ" सोडता येत नाही. कशातून अर्थ काढायचा, ते त्या ऑफच्या पुढं येतं.

आता मार्क कुठं जातात ते.

हा वाक्प्रचार नकारात जगतो. कान्ट, कुडन्ट, "वॉज अनेबल टू", "कुड हार्डली" यांच्यासोबत तो येतो. प्रश्नातही चालतो, कारण प्रश्नात शंका असते : "कॅन यू मेक हेड ऑर टेल ऑफ इट?" तसंच जर-तरच्या वाक्यात : "इफ यू कॅन मेक हेड ऑर टेल ऑफ इट, टेल मी." पण "मला धडा समजला" या अर्थी सरळ होकारी वाक्य केलं की ते कानाला खटकतं. मराठीत "त्यानं दाद दिली नाही" या अर्थानं "भीक घातली नाही" म्हणतो, पण "त्यानं भीक घातली" म्हटल्यावर अर्थच बदलतो, तसं समजा.

शब्दांची बांधणी पक्की आहे. "द हेड" नाही, "द टेल" नाही, "इट्स हेड" नाही. नाही म्हणजे मध्ये काहीच घालायचं नाही.

स्पेलिंगचा सापळा आपल्याच लिपीमुळं आहे. शेपटीचा टेल आणि गोष्टीचा टेल हे दोन्ही देवनागरीत सारखेच दिसतात आणि इंग्रजीत उच्चारतातही सारखेच. इथं शेपटीचा हवा : टी-ए-आय-एल. टी-ए-एल-ई लिहिलं की कथा झाली. बाकी वाक्य कितीही सुंदर असो, शिक्षकाचा लाल पेन तिथंच थांबतो.

आणखी एक फरक मात्र शिकवताना बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. "मेक आउट" आणि "मेक हेड ऑर टेल ऑफ" एक नव्हेत. सातबाऱ्याची झेरॉक्स इतकी फिकी आहे की अक्षरच लागत नाही, तेव्हा "आय कान्ट मेक आउट द वर्ड्स". डोळ्यांचं काम अडलं. आता समजा सातबारा कोरा करकरीत आहे, अक्षर ठळक आहे, पण क्षेत्राच्या रकान्यात १.६२.०० लिहिलंय, ते १ हेक्टर ६२ आर आहे, म्हणजे सुमारे ४ एकर, हे माहीत नाही, पोटखराबा वेगळा का दाखवलाय ते माहीत नाही, इतर हक्कात कुणाचं नाव का चढलंय तेही नाही. सगळं दिसतंय आणि उमगत काही नाही. तेव्हा "आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट". इथं डोकं अडलं. डॉक्टरच्या चिठ्ठीला पहिला, कोर्टाच्या नोटिशीला दुसरा.

अर्जाचं : वापरू नका. व्याकरण बरोबर असेल, पण "आय कुड नॉट मेक हेड ऑर टेल ऑफ युवर लेटर" याचा सूर "साहेब, तुमचं पत्र म्हणजे नुसता गोंधळ" असा लागतो. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला असं लिहू नये. अर्जात सरळ नेमकं लिहावं : "आय ॲम अनेबल टू अंडरस्टँड पॉइंट नंबर ३ इन युवर लेटर. काइन्डली क्लॅरिफाय." मुद्दा क्रमांक दिला की समोरच्यालाही उत्तर देणं भाग पडतं, "काहीच कळलं नाही" म्हटलं तर तो तेच पत्र पुन्हा पाठवेल.

पऱ्हाटी

भाऊ, याले आपल्याकडं तयार माल हाये ना. "त्याच्या बोलन्याले ना शेंडा ना बुडखा." शेंडा म्हनजे हेड, बुडखा म्हनजे टेल. झाडाचं वरतं टोक अन् खालचं खोड. छापा-काटा कायले पाह्यजे? कपाशीचे शेंडे खुडनाऱ्या पोट्ट्याइले शेंडा काय ते सांगा लागत नाई, अन् वेचा झाल्यावर पऱ्हाटी उपटाची असते तं बुडखा कुठं असते तेही त्याइले माईत असते.

कोश_चाळणारा

पऱ्हाटी भाऊंचं चित्र नामी आहे, वर्गात हेच वापरावं. फक्त एका ठिकाणी सांभाळा, कारण भाषांतराच्या प्रश्नात तिथं घोटाळा होतो.

"शेंडा ना बुडखा" मध्ये दोष त्या बोलण्याचा. वाक्याचा कर्ता बोलणं आहे, पत्र आहे, हिशेब आहे. ऐकणारा हुशार असो की मठ्ठ, त्या बोलण्याला टोकच नाही असं आपण म्हणतो. इंग्रजीत कर्ता माणूस आहे : मी, तो, आम्ही. त्या माणसाला अर्थ लावता आला नाही. दोष कागदाचा असेल किंवा त्याचा स्वतःचाही असेल. वाक्य ते सांगत नाही. फवारणीच्या औषधाच्या डब्यातलं माहितीपत्रक एकदम व्यवस्थित लिहिलेलं असू शकतं, तरी मात्रा, प्रतीक्षा कालावधी असले शब्द पहिल्यांदाच वाचणारा म्हणेल, "आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट." त्या पत्रकाला "शेंडा ना बुडखा" म्हणणं अन्याय होईल. तिथं मराठीत "मला काही थांग लागेना", "काही मेळ लागेना", नाहीतर आपल्या बोलीत "मले काई सुदरून नाई रायलं" हे जवळचं. यातलं "सुदरणं" तर फार नेमकं आहे, कारण त्यात प्रयत्न आहे. माणूस धडपडतोय आणि वाट दिसत नाही. इंग्रजी वाक्यातही तीच धडपड असते. न वाचताच बाजूला ठेवलेल्या कागदाबद्दल हे म्हणता येत नाही.

"आगा ना पिछा" हा पर्यायही कुणीतरी देईल, म्हणून आधीच सांगतो : तो ज्याला घरदार, नातेवाईक कुणी नाही अशा माणसाबद्दल जास्त वापरतात. इथं नको.

नाण्याच्या गटाला पटवायला एक पुरावा देता येईल. ही कल्पना लॅटिनपासून चालत आलेली आहे आणि तिथं शेपटीच्या जागी पाय आहेत : "नेक कापुट नेक पेदेस", ना डोकं ना पाय. प्राचीन रोमचा वक्ता सिसेरो, त्याच्या एका पत्रात हे शब्द आहेत, विस्कटलेल्या व्यवहाराबद्दल. नाण्याला पाय कुठले? आणि लॅटिनपर्यंत जायची तरी काय गरज. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आपल्या बाजारात आणि कचेरीत मुरलेली आहे. "बेसिरपैर की बात" विदर्भातल्या कोणत्याही पोराला कळते. तेच डोकं, तेच पाय. हिंदीनं सांगा, पहिला गट पाच मिनिटांत शरण येईल.

हिंगणघाटकर सरांच्या उत्तरात एक भर. "स" लागला की नाणं, हे ब्रिटिश लिखाणापुरतं खरं. अमेरिकेत याच अर्थानं "मेक हेड्स ऑर टेल्स ऑफ" असंही सर्रास लिहितात. परीक्षेत ब्रिटिश रूप लिहा, पण मोबाइलवर अमेरिकन बातमीत "स" दिसला तर लगेच टॉस समजू नका. ओळखायची खूण "स" नाही, खूण "मेक" आणि "ऑफ" ही आहे. ते दोन्ही असतील तर समजण्याचा अर्थ.

आर्णीरोड

मंडळी, जाम कामाचं मिळालं. "बेसिरपैर" नं खरंच भांडण मिटलं. आता पोरांनी केलेली वाक्यं देतो, जशीच्या तशी. तपासून द्या :

१. आय मेड हेड ऑर टेल ऑफ द लेसन इझिली.
२. आय ॲम नॉट मेकिंग हेड ऑर टेल ऑफ धिस सम.
३. माय फादर कुड नॉट मेक हेड ऑर टेल द इन्शुरन्स पेपर.
४. वी कुडन्ट मेक नायदर हेड नॉर टेल ऑफ द मॅप.
५. आवर कॅप्टन मेड हेड ऑर टेल अँड वी बॅटेड फर्स्ट.
६. आय कुडन्ट मेक हेड ऑर टेल ऑफ हिज व्हॉइस बिकॉज द डीजे वॉज लाउड.
७. द ओल्ड मॅन स्पोक सो फास्ट दॅट वी कुडन्ट मेक हेड ऑर टेल ऑफ व्हॉट ही सेड.

शिकवणी_हिंगणघाट

सातवं पूर्ण बरोबर. ज्यानं केलं त्याला शाबासकी द्या, "ऑफ" नंतर "व्हॉट ही सेड" असं अख्खं उपवाक्य ठेवायला हात तयार लागतो.

पहिलं वर सांगितलं तेच, होकारी झालं. ते "आय अंडरस्टुड द लेसन इझिली" करा.

तिसऱ्यात "ऑफ" गळला. चौथ्यात नकार दोनदा झाला. "कुडन्ट" ठेवायचं असेल तर पुढं "हेड ऑर टेल", "नायदर… नॉर" ठेवायचं असेल तर मागं साधं "कुड" : "वी कुड मेक नायदर हेड नॉर टेल ऑफ द मॅप." दोन्ही बरोबर, दोन्ही एकदम नाही. मराठीत दोन नकार एकाच वाक्यात सहज नांदतात, "मी कधीच नाही गेलो", म्हणून ही चूक आपल्याकडं जास्त होते.

पाचवं म्हणजे नाणं परत आलं. टॉससाठी "वन द टॉस", आणि छापा मागितला असेल तर "कॉल्ड हेड्स".

सहाव्यात आवाज ऐकूच आला नाही, म्हणजे कान अडला, डोकं नाही. तिथं "कुडन्ट मेक आउट व्हॉट ही वॉज सेइंग".

दुसऱ्यावर जरा जास्त वेळ द्या. विदर्भातल्या पोरांची ही खास चूक आहे आणि तिचं मूळ इंग्रजीत नाही, आपल्या बोलीत आहे. आपण "मी जाऊन राहिलो", "तो खाऊन राहिला" म्हणतो, आणि त्याच साच्यात "मले समजून नाई रायलं". बोलीत हे अगदी शुद्ध आहे. समजण्याची क्रिया आत्ता चालू आहे आणि ती पुरी होत नाही, हे त्यातून छान व्यक्त होतं. पोरगं तो साचा जसाच्या तसा उचलतं : जाऊन राहिलो, "आय ॲम गोइंग", खाऊन राहिलो, "आय ॲम ईटिंग", इथवर गाडी बरोबर चालते. मग समजून राहिलो, "आय ॲम अंडरस्टँडिंग". इथं रूळ संपतो. इंग्रजीत जाणं-खाणं ही हालचाल, तिला आयएनजी लागतो. कळणं, माहीत असणं, आवडणं ही मनाची अवस्था, तिला सहसा लागत नाही. म्हणून "आय डोन्ट अंडरस्टँड", "आय डोन्ट नो", आणि आपल्या वाक्प्रचारात "आय कान्ट मेक हेड ऑर टेल ऑफ धिस सम". चालू काळाचा भाव "कान्ट" मध्ये आलेला असतो. "मला आत्ता जमत नाहीये" एवढं तो एकटा सांगतो.

फळ्यावर तीन रकाने शेजारी शेजारी आखा. डावीकडं बोली, मध्ये प्रमाण मराठी, उजवीकडं इंग्रजी : "समजून नाई रायलं", "समजत नाही", "कान्ट अंडरस्टँड". मधली पायरी घातली की उडी लहान होते. बोली चुकीची आहे असं मात्र सांगू नका; ती चुकीची नाहीच, फक्त तिचं रूप दुसऱ्या भाषेच्या साच्यात बसत नाही.

चिखलदरा_घाट

समजण्याचे बाकीचे वाक्प्रचारही पर्यायांत शेजारी शेजारी देतात, आणि पोरं अदलाबदल करतात. थोडक्यात टाकतो.

"इट्स ऑल ग्रीक टू मी" : विषय किंवा भाषाच आपल्याला परकी आहे. दोष कागदाचा नाही, अज्ञान आपलं. शेक्सपिअरच्या "ज्युलियस सीझर" मध्ये कास्का सांगतो की सिसेरो ग्रीकमध्ये बोलला आणि ते मला ग्रीकच होतं. म्हणजे वर पत्रात भेटलेला सिसेरो इथंही हजर. गंमत अशी की कास्काच्या तोंडी ते शब्दशः खरं आहे, समोरचा खरोखर ग्रीक बोलत होता.

"इट वेंट ओव्हर माय हेड" : डोक्यावरून गेलं. इतकं तंतोतंत जुळतं की समजावूनच सांगावं लागत नाही.

"गेट द हँग ऑफ" : हे डोक्याने कळणं नाही, हात बसणं. ट्रॅक्टरचा क्लच, ठिबकचे कनेक्टर, शिलाई मशीन. याला मात्र आयएनजी चालतो, "आय ॲम गेटिंग द हँग ऑफ इट", हळूहळू हात बसतोय. वरच्या दुसऱ्या वाक्याशी ताडून पाहायला चांगलं उदाहरण.

"द पेनी ड्रॉप्ड" : आपली "ट्यूब पेटली". जुन्या नाणेयंत्रात पेनी टाकली तरी ती खाली पडेपर्यंत यंत्र हलत नसे. नाणं अडकलं तर माणूस ताटकळत उभा. पेनी हे ब्रिटनचं नाणं. वाक्प्रचारात नाणं शोधणाऱ्या गटाला सांगा, तुमचं नाणं इथं आहे. "माय पेनी" नाही, नेहमी "द पेनी".

ट्यूब पेटण्यातही उशीर हाच मुद्दा आहे. चोक-स्टार्टरवाली ट्यूब बटण दाबल्याबरोबर लागत नाही : आधी स्टार्टर जुळतो, दोन्ही टोकांच्या तारा तापतात, मग स्टार्टर सुटतो आणि त्या क्षणी चोक एक जोराचा धक्का देतो, तेव्हा उजेड. व्होल्टेज कमी असेल, जे आपल्याकडं कृषिपंप चालू असताना रोजचंच, तर ती नुसती लुकलुकत राहते. म्हणून उशिरा समजणाऱ्याला ट्यूबलाइट म्हणतात. एलईडीच्या पोरांना हे आता दाखवून सांगावं लागतं. ग्रामपंचायतीत जुनी पट्टी शिल्लक असेल तर तीच दाखवा.

"गेट द राँग एंड ऑफ द स्टिक" : न समजणं नव्हे, उलटं समजणं. हेड ऑर टेल न लागलेला माणूस गप्प बसतो किंवा विचारतो. काठीचं उलटं टोक धरलेला माणूस मात्र ठामपणे चूक सांगत सुटतो. तुमचा नाण्यांचा गट आत्तापर्यंत या दुसऱ्या प्रकारात होता.

पऱ्हाटी

हा शेवटचा टोमना भारी. पन एक सांगा सर, "कान्ट मेक हेड ऑर टेल" हे नकारी झालं. मंग नंतर समजलं तं काय म्हनाचं? "नाऊ आय कॅन मेक हेड ऑर टेल" असं? वर तं तुमी होकारी चालत नाई म्हनता.

शिकवणी_हिंगणघाट

नाही. होकारी जोडीदार "मेक सेन्स ऑफ" आहे. "ॲट फर्स्ट आय कुडन्ट मेक हेड ऑर टेल ऑफ इट, बट नाऊ आय कॅन मेक सेन्स ऑफ इट." रचना तीच : मेक… ऑफ. वस्तूला कर्ता करायचं असेल तर ऑफ जातो : "नाऊ इट मेक्स सेन्स." हा शेवटचा प्रकार शेंडा-बुडख्याच्या जवळचा, कारण बोलणं कर्ता झालं. "इट डझन्ट मेक सेन्स" म्हणजे बोलण्याला शेंडा-बुडखा नाही, असं धरायला हरकत नाही.

वर्गात घ्यायचं असेल तर २० मिनिटांचा खेळ होतो. आठ वाक्यांची कृती इंग्रजीत लिहा, एकेका पट्टीवर एक वाक्य. पहिली आणि आठवी पट्टी खिशात ठेवा, उरलेल्या सहा उलटसुलट मिसळून एका गटाला द्या आणि क्रम लावायला सांगा. हेड आणि टेल दोन्ही खरोखरच काढून घेतले, हे नंतर फळ्यावर दाखवायचं.

विषय निवडण्यात सगळी मेख आहे. वखरण, सरकी टोबणं, डवरणी, निंदण, फवारणी, वेचा असल्या पट्ट्या दिल्या तर पोरं पहिली-शेवटची नसतानाही अर्ध्या मिनिटात क्रम लावतील, इंग्रजी शब्द अडला तरी शेत अडत नाही. म्हणून आधी अजिबात न पाहिलेलं द्या. बर्फाळ रस्त्यावर गाडीच्या चाकाला साखळी चढवणं हा आपल्या ४५ डिग्रीत चांगला परका विषय आहे. पहिली पट्टी : बर्फात चाक घसरू नये म्हणून साखळी बसवतात. मधल्या सहा : ती जमिनीवर पसरून गुंता सोडवा, ती वरून टाका, मागं हात घालून आतला हूक लावा, थोडं पुढं सरकवा, बाहेरचा हूक लावा, ढील ओढून घ्या. शेवटची : थोडं अंतर गाडी चालवून थांबा आणि साखळी पुन्हा आवळा. मधल्या पट्ट्यांत "साखळी", "चाक", "गाडी" हे शब्द मुद्दाम टाळायचे, सगळीकडं नुसतं "इट". काय पसरायचं, कशावर टाकायचं, काय सरकवायचं, काहीच लागत नाही. चार-पाच मिनिटं झटू द्या. मग त्यांच्या तोंडून वाक्य आपोआप येतं, शिकवावं लागत नाही. तेव्हा दोन्ही टोकांच्या पट्ट्या द्या आणि दुसरं वाक्य म्हणायला लावा. त्यानंतर कपाशीच्या पट्ट्या, आणि विचारा की ह्या टोकं नसताना कशा लागल्या. तिथं "मेक सेन्स ऑफ" पुन्हा एकदा वापरून घ्या.

गट चार-पाच जणांचा ठेवा. दहा जण केले तर दोघं लावतात आणि आठ पाहतात.

पऱ्हाटी

पट्ट्याइचा बरोबर क्रम मास्तरनं आपल्या वहीत आंधी लिहून ठेवजा. पट्टीवर नंबर टाकला तं पोट्टे इंग्रजी वाचतच नाईत, नंबरच लावतात. अन् वहीत लिहिला नाई तं बर्फाच्या साखयीचा शेंडा कोनता अन् बुडखा कोनता, हे मास्तरलेच सुदरत नाई.